पटावरचे दाणे

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, कारण आज एक आकडा सांगायचाय आणि रेडिओवर फळा नसतो. लिहा: १, ८४, ४६, ७४, ४०, ७३, ७०, ९५, ५१ आणि शेवटी ६१५. मोजून वीस अंक झाले पाहिजेत.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टावं घर भरलं की एकूण दाणे होतात ते एवढे. राजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं सांगितली. आपला आकडा त्याच्याही दोन घरं पुढे, १८४ परार्धांहून मोठा!

पण गोष्ट सांगणारे कोठारापाशीच थांबतात. मला हा आकडा फोडायला आवडतो. शेवटी ५ आहे, तेव्हा पाचाने भाग जाणार. अंकांची बेरीज ८७, म्हणजे तिनाने जातो, नवाने जात नाही. आणि पुढे?

पटावरची एकूण बेरीज म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. इथे शाळेतलं ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ कामी येतं. आकड्याचे दोन तुकडे पडतात, एक ‘वजा १’वाला, एक ‘अधिक १’वाला. ‘वजा’वाला पुन्हा तसाच तुटतो, पुन्हा तुटतो. हाती राहतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७.

पहिल्या पाचही मूळ संख्या. सहावीही मूळच असणार, असं सतराव्या शतकात फर्माला वाटलं होतं. एवढा मोठा गणिती, पण इथे फसला. १७३२ साली ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ उरते, हेही पुढे त्यानेच सिद्ध केलं. अशा मूळ संख्या ओळीने घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच काम फत्ते! दुसरा अवयव ६७००४१७, तोही मूळ. गुणाकार हातानेच करा बरं का, कॅल्क्युलेटर नको.

एकूण सात मूळ अवयव, प्रत्येक एकेकदाच. त्यामुळे विभाजक १२८. एका घरात एक ठेवला, तर दोन पट लागतील.