तीन सामन्यांचा पाहुणा

८ मे १९९९. इंग्लंडच्या उत्तर टोकाचं, स्कॉटलंडच्या वेशीवरचं कार्लाइल शहर. ब्रंटन पार्कवर कार्लाइल युनायटेड आणि प्लिमथ आर्गाइल, १-१. नव्वद मिनिटं कधीच उलटली आहेत. तिकडे तळाच्या जागेसाठी झगडणाऱ्या दुसऱ्या क्लबचा, स्कारबरोचा, सामना बरोबरीत संपलाय, आपण वाचलो म्हणून त्यांचे पाठीराखे नाचताहेत. आता कार्लाइल जिंकलं नाही, तर १९२८ पासून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेत असलेला हा क्लब लीगबाहेर जाणार.

कॉर्नर. आणि कार्लाइलचा लाल जर्सीतला गोलरक्षक आपला गोल उघडा टाकून समोरच्या टोकाकडे धावत सुटतो.

ग्रॅहम अँथनीचा कॉर्नर. स्कॉट डोबीचा हेडर. प्लिमथचा गोलरक्षक चेंडू अडवतो, पण त्याला तो धरता येत नाही. समोर उभा आहे तोच लाल जर्सीवाला, जिमी ग्लास. उजव्या पायाचा एक फटका, आणि पुढच्या क्षणी सगळं मैदान माणसांनी भरून जातं. कार्लाइल वाचलं. स्कारबरो लीगबाहेर गेलं आणि २००७ मध्ये तो क्लबच बंद पडला.

हा गोल अनेकांनी पाहिलाय. तो मारणारा माणूस त्या दिवशी तिथे कसा पोहोचला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

एप्सममध्ये १९७३ साली जन्मलेला जिमी क्रिस्टल पॅलेस क्लबमध्ये तयार झाला. तिथे लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. गोलरक्षकाचं हेच दुखणं आहे. संघात जागा एकच, आणि पॅलेसमध्ये ती नायजेल मार्टिनची होती. बाकीचे खेळाडू शेवटची दहा मिनिटं तरी बदली म्हणून उतरतात. दुसऱ्या क्रमांकाचा गोली आठवडाभर तितकाच घाम गाळतो आणि शनिवारी बाकावर बसतो.

बोर्नमथने त्याला खरं काम दिलं. १९९८ मध्ये तो त्यांच्याकडून वेम्बलीवर खालच्या श्रेणींच्या चषकाचा अंतिम सामना खेळला. तिथे ग्रिम्सबीच्या बरोबरीचा गोल त्याच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला आणि जादा वेळेत बोर्नमथ हरलं. मग स्विंडन. तिथली जागाही गेली.

दरम्यान कार्लाइलने आपला गोलरक्षक टोनी केग विकला होता, आणि लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना आणलेल्या दुसऱ्याला त्याच्या क्लबने परत बोलावलं. खेळाडू बदलण्याची मुदत संपली होती. खास परवानगी काढून स्विंडनकडून जिमीला लोनवर आणलं गेलं, ते शेवटच्या तीन सामन्यांसाठी. तिसऱ्यात हा गोल.

एका फटक्याने त्याने एका शहराचा क्लब टिकवला. त्याची स्वतःची नोकरी मात्र टिकली नाही. मला ही बाब त्या गोलाहून मोठी वाटते. लोन संपलं, कार्लाइलशी करार झाला नाही. केंब्रिज, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड अशी क्लबांची नावं बदलत राहिली, सामने जेमतेम मिळाले. तिशीच्या आतच व्यावसायिक फुटबॉल सुटला. जुगाराच्या व्यसनाने आपल्याला किती पोखरलं, हे त्याने पुढे स्वतः मोकळेपणाने सांगितलं. डॉर्सेटमध्ये त्याने टॅक्सी चालवली.

आणि मग बोर्नमथनेच त्याला परत बोलावलं. क्लब तेव्हा प्रीमियर लीगमध्ये, इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत होता, आणि जिमीचं काम होतं खेळाडूंची मैदानाबाहेरची काळजी घेणं.