व्यवसाय: एका शब्दात लिहा

ओळख करून देताना मला आत्ता ‘व्हिसातज्ज्ञ’ म्हटलं गेलं. मी वकील नाही, आणि व्हिसा देणं तर माझ्या हातात अजिबातच नाही. लोकांचे अर्ज पुढे जाण्याआधी मी ते वाचते, इतकंच. अर्जातला एक रकाना मी सगळ्यात आधी बघते: ‘व्यवसाय’. डॉक्टर तिथे एका शब्दात मोकळा होतो, ट्रक चालवणारा होतो. तुम्ही व्हिडिओ-रील करणारी मंडळी मात्र अडखळता. कुणी ‘इन्फ्लुएन्सर’ लिहितं, कुणी ‘डिजिटल क्रिएटर’. एकाने ‘स्टोरीटेलर’ लिहिलं होतं. आई-वडिलांना आपलं काम समजावताना जी पंचाईत होते तीच इथे होते. फक्त आई-वडिलांकडे नकाराचा शिक्का नसतो.

यात तुमचा दोष नाही. कायदे तुमच्या कामाच्या आधी लिहिले गेलेत. अमेरिकेच्या ज्या ओ-वन, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या लोकांसाठीच्या, व्हिसाबद्दल तुम्ही सगळे मला विचारता, तो 1990 च्या कायद्यातून आला. यूट्यूब जन्मायला तेव्हा 15 वर्षं अवकाश होता. त्यामुळे अधिकाऱ्यासमोरच्या यादीत कलाकार असतो, पत्रकार असतो, धंदेवाला असतो, पाहुणा असतो. क्रिएटर बहुतेक ठिकाणी नसतोच. तुम्हाला त्या जुन्या नावांपैकी एका नावाने आत जायचंय. आणि कोणतं नाव तुमचं, हे ठरतं पैशावरून. पैसे कोण देतंय, कुठून देतंय आणि कशाबद्दल देतंय.

एक मुलगी कल्पनेत घेऊ. ती कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करते, त्याचे व्हिडिओ टाकते. आठ लाख फॉलोअर्स. ती परदेशात गेली आणि तिथल्या बागेत बसून स्वतःच्या चॅनेलसाठी व्हिडिओ केला. जाहिरातींचे पैसे नेहमीप्रमाणे तिच्या घरच्या खात्यात आले. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका हॉटेलने सांगितलं, चार रात्री फुकट राहा, आमची एक रील कर. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका संस्थेने कार्यशाळा ठेवली आणि पाकीट दिलं. मुलगी एकच, कागदही तोच. व्हिसाच्या दृष्टीने मात्र ह्या तीन वेगळ्या बायका आहेत. पहिली बहुधा चालून जाईल, तिसरीला कामाची परवानगी हवी, आणि सगळी फसगत होते ती दुसरीची.

पहिलीबद्दल आधी. अलीकडे काही देशांनी इथे हात सैल केलाय. ब्रिटनने 31 जानेवारी 2024 पासून पाहुण्यांना आपलं परदेशातलं काम लॅपटॉपवर करायची मुभा दिली. अट अशी की येण्याचं मुख्य कारण ते काम नसावं. कॅनडा सांगतो की परदेशी मालकाचं काम दुरून करत असाल तर व्हिजिटर म्हणून सहा महिन्यांपर्यंत राहा. न्यूझीलंडने 27 जानेवारी 2025 पासून व्हिजिटर व्हिसावर असं काम करू द्यायला सुरुवात केली. हे वाचून लोक उड्या मारतात. पण तिन्हीकडे मर्यादा एकच आहे: पैसा बाहेरचा हवा, स्थानिक बाजारातला नको.

आणि इथेच ते हॉटेल येतं. ‘मॅडम, पैसे घेतलेच नाहीत, बार्टर होतं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! न्यूझीलंडच्या इमिग्रेशन कायद्यातली ‘मोबदला’ या शब्दाची व्याख्या काढून वाचा. ज्याची किंमत पैशात मोजता येते असा कोणताही लाभ, आणि उदाहरण म्हणून तिथे राहणं-जेवण, वस्तू, सेवा हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या त्या फुकटच्या चार रात्री म्हणजे पगार. इतर देशांतही ‘रोख मिळाले नाहीत’ हा बचाव फारसा टिकत नाही. रील करून द्यायची कबुली दिली आणि बदल्यात खोली घेतली, की तो व्यवहार झाला. नुसतं आवडलं म्हणून हॉटेलचं कौतुक केलंत, तर तो वेगळा विषय. पण ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल लावून केलंत तर तुमच्याविरुद्धचा कागद तुम्हीच छापलात.

हे लेबलचं जरा मनावर घ्या. पाहुणा म्हणून जाऊन गुपचूप काम करणारे लोक सगळ्या धंद्यांत असतात. पण बाकीचे निदान ते काम तारीख, ठिकाण आणि पार्श्वसंगीत लावून जगाला दाखवत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये बालीत राहणाऱ्या एका अमेरिकन बाईंनी ट्विटरवर लांबलचक धागा लिहिला: इथे राहणं किती स्वस्त, किती छान, तुम्हीही या, सोबत कसं यायचं याचं ई-बुक विकायला ठेवलं. इंडोनेशियाच्या इमिग्रेशनने तो वाचला आणि त्यांना देशाबाहेर पाठवलं. त्यांच्या घरी कुणाला धाड घालावी लागली नाही.

आता ओ-वन. यात थोडा वेळ घालवते, कारण गैरसमज इथे फार दाट आहेत.

ओ-वनमध्ये कलेसाठी ओ-वन-बी हा उपप्रकार आहे आणि क्रिएटर मंडळी बहुतेक त्यातून जातात. तुम्ही स्वतः उठून अर्ज करू शकत नाही. अमेरिकेतला मालक किंवा एजंट तुमच्या वतीने पिटिशन, म्हणजे मागणीचा अर्ज, दाखल करतो. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की तुमच्या मालकीची पण कायद्याने स्वतंत्र असलेली कंपनीही हे करू शकते. एकदम तीन वर्षांपर्यंत मिळतो, पुढे साधारण वर्षावर्षाने वाढतो. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसासारखी वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे सोडतही नाही. सोबत गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला काम करता येत नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

सिद्ध काय करायचं? मोठं पारितोषिक किंवा त्याचं नामांकन असेल, ग्रॅमीसारखं, तर प्रश्नच मिटला. तुमच्याकडे ते नसणार. मग सहा निकष आहेत, त्यांतले किमान तीन. नावाजलेल्या निर्मितीत किंवा कार्यक्रमात प्रमुख भूमिका. तुमच्याविषयी मोठ्या वृत्तपत्रांत, मासिकांत छापून आलेलं. नावाजलेल्या संस्थेसाठी महत्त्वाची भूमिका. व्यावसायिक किंवा समीक्षकांनी मान्य केलेलं यश. संस्था, समीक्षक, जाणकार यांनी दिलेली दाद. आणि क्षेत्रातल्या इतरांच्या मानाने जास्त मानधन.

बघा, यात ‘फॉलोअर्स’ हा शब्द कुठेही नाही. आठ लाखांचा स्क्रीनशॉट लावला की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही यादी पुन्हा वाचावी. तो आकडा निरुपयोगी आहे असं मात्र नाही. तो चौथ्या निकषात कामाला लावता येतो, पण आकड्याला शेजारी लागतो. आठ लाख म्हणजे या प्रकारच्या कलेत किती? इतर नामवंत चॅनेल कुठे आहेत? व्ह्यूज कोणत्या देशांतून? अधिकाऱ्याने तुमचं चॅनेल आयुष्यात पाहिलेलं नाही. त्याला आठ लाख हा आकडा मोठा की छोटा हेही माहीत नसतं, आणि ते माहीत करून घेणं त्याचं काम नाही. ब्रँड डीलचा करार सहाव्या निकषात जातो, पण करार असेल तर. इथे माझी खरी चिडचिड होते. तुमची लाखालाखाची कामं डीएममध्ये ठरतात. ‘डन भाई’, अंगठा, आणि पैसे जमा. पिटिशनमध्ये अंगठा कुठे चिकटवायचा?

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. चित्रपट आणि दूरदर्शनवाल्यांसाठी ओ-वन-बीत कसोटी जास्त कडक आहे. त्यामुळे ‘मी व्हिडिओ करतो म्हणजे मी त्यातच’ असं वाटून काहीजण स्वतःहून त्या कडक रांगेत जाऊन उभे राहतात. अमेरिकी खात्याच्या धोरणपुस्तिकेत म्हटलंय की स्वतः बनवलेले व्हिडिओ ब्लॉग आणि सोशल मीडियाचा मजकूर सहसा चित्रपट-दूरदर्शनच्या वर्गात मोडत नाही. वेब सीरिज मोडू शकते. आपल्या वकिलाला हे विचारा, आणि तो गडबडला तर वकील बदला.

शिवाय, तिथे जाऊन काय करणार याचा तपशील लागतो: करार, कार्यक्रमांचं वेळापत्रक. ‘लॉस एंजेलिसला जाऊन नेटवर्किंग करणार’ हे काम धरलं जात नाही. आणि कुणी पत्रकारांचा आय व्हिसा सुचवला तर सावध राहा. तो बातमी आणि माहितीपर कामासाठी आहे, करमणूक किंवा जाहिरातीसाठी नाही.

जर्मनीचं गणित मला त्यामानाने मजेदार वाटतं. तिथे निवास कायद्याच्या कलम 21 मध्ये स्वतंत्र व्यावसायिकांसाठी, त्यांच्या शब्दांत ‘फ्रायबेरुफ्लर’साठी, सोय आहे. कलाकार, लेखक, शिक्षक, पत्रकार अशी जुनी, प्रतिष्ठित यादी. आपली कागदवाली कलाकार म्हणून तिथे दार ठोठावू शकते. पण तिचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचं निघालं तर कर खातं म्हणणार, हे कलाकाराचं उत्पन्न नव्हे, हा धंदा आहे, ‘गेवेर्बे’. त्याच कलमात धंद्यासाठी वेगळी पोटकलमं आणि वेगळ्या अपेक्षा आहेत. म्हणून तिथे जाणाऱ्याने कार्यशाळा, कलाकृतींची विक्री, स्थानिक ग्राहकांची ‘आम्ही हिला काम देऊ’ अशी पत्रं पुढे ठेवावीत. 45 पेक्षा जास्त वय असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. इथले बहुतेक चेहरे पाहता हे सांगायची गरज नव्हती.

संयुक्त अरब अमिरातीने उलटी वाट धरली. क्रिएटर हा शब्द त्यांनी सरळ सरकारी कागदावर घेतला. सर्जनशील लोकांना 10 वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, जानेवारी 2025 मध्ये दुबईत ‘क्रिएटर्स एचक्यू’ हे क्रिएटर मंडळींचं केंद्र उघडलं. पण शब्द कागदावर आला की त्याच्या मागून परवानाही येतो. पैसे घेऊन प्रचार करणाऱ्यांना 2018 पासूनच परवान्याची अट आहे, आणि 2025 मध्ये जाहिरातदार परवाना जाहीर झाला. पाहुणा म्हणून गेलेल्या क्रिएटरला तो तिथल्या परवानाधारक एजन्सीमार्फत, तीन महिन्यांपुरता मिळतो. म्हणजे व्हिसा हातात असूनही दुकानासमोर उभं राहून पैसे घेऊन रील करायला दुसरा कागद लागतो.

डिजिटल नोमॅड व्हिसांचं, म्हणजे परक्या देशात राहून बाहेरचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठीच्या व्हिसांचं, थोडक्यात. एस्टोनियाने 2020 मध्ये सुरुवात केली, मग रांग लागली. जपानने 2024 मध्ये आणला: सहा महिने, वाढत नाही, वर्षाला 1 कोटी येन उत्पन्न हवं, आणि तोही ठरावीक देशांच्या नागरिकांनाच. स्पेन स्थानिक ग्राहकांकडून एकूण कामाच्या 20 टक्क्यांपर्यंतच कमाई करू देतो आणि परदेशी ग्राहकाशी किमान तीन महिन्यांचं नातं मागतो. दर महिन्याला नवा ब्रँड धरणाऱ्याची इथे गोची होते. या सगळ्यांना नियमित उत्पन्न आवडतं, तुमचं तर सणावाराला फुगतं आणि एरवी बसतं. एका चांगल्या महिन्याचं स्टेटमेंट लावू नका. वर्षभराचं लावा आणि सरासरी मांडून दाखवा. करांबद्दल एवढंच सांगते की साधारण 183 दिवसांच्या पुढे मुक्काम गेला की बऱ्याच देशांचं कर खातं तुम्हाला आपलं समजू लागतं. पुढचं तुमच्या सीएला विचारा.

राहिलं तुमचं प्रोफाइल. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात 2019 पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची हँडल्स विचारतात. जून 2025 पासून विद्यार्थ्यांना तर प्रोफाइल खुलं ठेवायला सांगितलंय. इतरांना याची भीती वाटते. तुमचं प्रोफाइल तर जन्मापासूनच खुलं आहे. तेव्हा अर्ज आणि प्रोफाइल एकमेकांशी बोलतात ना, ते बघा. अर्जात ‘पर्यटन’ आणि बायोमध्ये ‘मार्चमध्ये लंडनला, कोलॅबसाठी मेसेज करा’ असं असेल, तर मुलाखतीत तुम्ही कितीही गोड बोललात तरी उपयोग नाही. आणि अर्जाच्या आदल्या रात्री जुन्या पोस्ट घाऊक पुसू नका. इतर कुणीतरी तुम्हाला टॅग केलेलं असतंच.

मग त्या रकान्यात लिहायचं काय? आपल्या मुलीने ‘कागदशिल्पकार’ लिहावं आणि खालच्या जागेत दोन वाक्यं: व्हिडिओ, कार्यशाळा आणि ऑनलाइन वर्ग यांतून उत्पन्न, कोणाकडून किती. स्टोरीटेलर लिहू नये.

(एका श्रोत्याने विचारलं: आधी एकदा व्हिसा नाकारला गेलाय. नव्या अर्जात तो उल्लेख टाळला तर चालेल का?)

नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्न बहुधा थेट असतो, आणि बरेच देश ही माहिती आपसात वाटतात. नकार लपवल्याचं सापडलं तर कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. अमेरिकेत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर कायमचं. ‘होय’वर खूण करा. खाली तारीख, देश आणि नकारपत्रात दिलेलं कारण, त्यांच्याच शब्दांत. मग एक ओळ, तेव्हापासून काय बदललं. तुमच्या बाबतीत काय बदललंय? ... करार आहे ना हातात? सह्यांचा? मग तो घेऊन उद्या या, बघू.