मालगाडीचा बैल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एका इंजिनाबद्दल, डब्ल्यूजीबद्दल. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, जी म्हणजे गुड्स, म्हणजेच माल. मालगाडी ओढणारं, कोळशावर चालणारं, काळंकुट्ट इंजिन. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवा: पुढं दोन लहान चाकं, मधे आठ मोठी, मागं परत दोन लहान. ओढायचं काम त्या मधल्या आठांचं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते या इंजिनावर फायरमन होते, म्हणजे भट्टीच्या कोळशाचं काम बघणारे. त्यांच्या चपलेची एक गोष्ट मला सांगायचीच आहे. पण आधी थोडा इतिहास. तोही ऐकून घ्या.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या रेल्वेकडं इंजिनांची नुसती जत्रा होती. विसाच्या दशकातली एक्सडी आणि एक्सई, त्यात युद्धाच्या काळात अमेरिकेतून आणि कॅनडातून आलेली वेगळीच. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसेल तर शपथ. मग ठरलं, मालासाठी एकच दणकट जात करायची. पहिली डब्ल्यूजी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीतून आली. आणि 1950 मध्ये बंगालात चित्तरंजनला आपला स्वतःचा कारखाना सुरू झाला. तिथून 1 नोव्हेंबर 1950 ला जे पहिलं इंजिन बाहेर पडलं तेही डब्ल्यूजीच. त्याचं नाव देशबंधू. 1950 ते 1970 या वीस वर्षांत देशी-विदेशी मिळून अशी 2450 इंजिनं झाली. पुन्हा सांगतो, 2450. पॅसेंजर ओढणारी डब्ल्यूपी, जिचं नाक बंदुकीच्या गोळीसारखं पुढं आलेलं असायचं आणि जिचे फोटो कॅलेंडरवर यायचे, ती होती 755.

दोघींचा बॉयलर एकाच घराण्यातला. दाब चौरस इंचाला 210 पौंड, म्हणजे आपल्या घरातल्या कुकरच्या चौदापट. फरक चाकात. डब्ल्यूपीचं चाक पाच फूट सात इंच, डब्ल्यूजीचं पाच फूट दीड इंच. मोठं चाक पळतं, लहान चाक ओढतं. घोडा आणि बैल, दुसरं काय.

आणि हो, ते झुकझुक म्हणतात ना, ते काही मला पटत नाही. भरलेली मालगाडी उचलताना डब्ल्यूजी कधी झुकझुक करत नसे. चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंदके: भस्स… भस्स… भस्स… भस्स. दोन हुंदक्यांच्या मधे माणूस विडी पेटवून घेईल एवढी जागा. मुलांना खोटे आवाज शिकवू नयेत. असो.

तर अण्णांची गोष्ट. 1967 चा पावसाळा. दौंड-मनमाड एकेरी लाइन. अण्णा दुसरे फायरमन, म्हणजे इंजिनावरचे सगळ्यांत धाकटे. काम काय, तर टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातला, कोळसा फोडायचा, पुढं ओढून द्यायचा आणि शिव्या खायच्या. मनमाडहून गव्हाच्या पोत्यांनी भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, घेऊन रात्री निघाले. वांबोरी सोडलं की नगरकडं जाताना विळदचा चढ लागतो. त्या भागात तो कुणाला सांगायला नको.

पाऊस मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं, रूळ धुऊन निघाले असते. होती ती भुरभुर. भुरभुरीनं रुळावर तेल आणि धूळ यांचा चिखल होतो, साबणासारखा. इंजिन चढाला लागलं आणि घसरायला लागलं. ते चार हुंदके एकदम एकात एक मिसळून फडफडफडफड, चाकं जागच्या जागी गरगर, गाडी जिथल्या तिथं. अशा वेळी चाकाखाली वाळू सोडायची असते. इंजिनावर वाळूची पेटी असते, तिच्यातून नळी थेट चाकापुढं येते. पण दमट हवेनं वाळूचा गोळा झालेला आणि नळी तुंबलेली. तारेनं खुपसून पाहिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं. काही नाही.

ड्रायव्हरसाहेब जुने होते. त्यांनी पेटीतली वाळू दोन बादल्यांत काढायला लावली, भट्टीच्या तोंडाशी धरून ती कोरडी करून घेतली आणि अण्णांना म्हणाले, "अरे पोरा, उतर खाली. इंजिनापुढं चाल आणि दोन्ही रुळांवर टाकत जा. मुठीनं नको, चिमटीनं. पेरणी केलीयेस ना?"

अण्णा शेतकऱ्याचे. पेरणी केलेली होती.

एक बादली हातात, दुसरी पुढच्या बफरला टांगलेली. ड्रायव्हरनं गाडी हातभर मागं घेतली, वाघिणींच्या साखळ्या ढिल्या पडल्या, आणि मग हलकेच रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, उघडला. एक वाघीण उचलली, खण. दुसरी, खण. तिसरी, खण. आवाज अंधारात मागं मागं गेला. आणि गाडी निघाली, माणसाच्या चालीनं. अण्णा पुढं, दोन रुळांच्या मधून, एकदा डावीकडं चिमूट, एकदा उजवीकडं. पाठीमागं, दहा पावलांवर, टेंडर धरून पावणेदोनशे टनांच्या घरातलं लोखंड. इंजिनाच्या दिव्यामुळं अण्णांची स्वतःचीच सावली पुढं इतकी लांब पडलेली, की ते सांगायचे, "मी माझ्याच पायांच्या मागं चालत होतो."

मागं वळून बघायची सोय नाही. ड्रायव्हर वरून ओरडतोय, "थांबू नकोस! तू थांबलास की मी थांबलो, आणि मी थांबलो की उजाडलंच!" एक बादली संपली. दुसरी संपली. मग अण्णांनी रुळाकडेचा बारीक मुरूम उचलून टाकायला सुरुवात केली. स्लीपरवरून खडीवर, खडीवरून स्लीपरवर. त्यात एका पायाची चप्पल निसटली. तिच्यासाठी वाकायचं म्हणजे गाडी थांबायची. ती तिथंच राहिली.

असं अर्धा मैल. पाठीमागून भस्स… भस्स. एकदाही चाक घसरलं नाही.

विळदच्या अलीकडं स्टेशनचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, बत्ती घेऊन उभा होता. गाडीला उशीर झाला म्हणून बघायला आलेला. अंधारातून त्याला आधी एक चिखलानं भरलेला, एका पायात चप्पल असलेला माणूस चालत येताना दिसला. त्यानं विचारलं, "काय हो, मालगाडी कुठंय?"

अण्णा न थांबता म्हणाले, "येतीय माझ्या मागून."

कंट्रोलला उशिराचं कारण कळवलं गेलं ते एका ओळीचं: रूळ ओले. चिमटीचा उल्लेख नाही, चपलेचा तर नाहीच. दौंडला अण्णा एका पायानं अनवाणी उतरले.

बघा, बोलता बोलता वेळ संपत आली. बरंच राहिलं, तर भराभर सांगतो. ज्या चित्तरंजनला ही इंजिनं बनत होती, तिथंच 1961 मध्ये विजेचं पहिलं इंजिन तयार झालं. आपल्या मध्य रेल्वेसाठी. त्याचं नाव होतं लोकमान्य. हे आपल्याकडं किती जणांना ठाऊक असेल मला शंका आहे, चौकांना नावं द्यायला मात्र आपण पुढं. 1964 पासून वाराणसीला डिझेल इंजिनं बनू लागली. तरी डब्ल्यूजी आणखी सहा वर्षं बनत राहिली, कारण कोळसा घरचा होता, कारखाना घरचा होता आणि फावडं मारणारे हातही घरचे होते. जून 1970 मध्ये शेवटची बाहेर पडली, तिचं नाव अंतिम सितारा. आज हरयाणात रेवाडीच्या शेडमध्ये डब्ल्यूजी बघायला मिळते, पण इतकी चकचकीत रंगवलेली की अण्णांनी तिला ओळखलीच नसती.

ब्रॉडगेजवरची कोळशाची नेहमीची गाडी शेवटची धावली ती 6 डिसेंबर 1995 ला, पंजाबात, जालंधर-फिरोजपूर मार्गावर. अण्णा तेव्हा रिटायर होऊन घरी होते. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "इंजिन कुठलं होतं?"

मी म्हटलं, "डब्ल्यूएल, अण्णा. पॅसेंजरचं."

"बघ," ते म्हणाले, "शेवटचा हारसुद्धा पॅसेंजरच्याच गळ्यात."

नमस्कार.