रूळ ओलांडताना कानांवर विसंबू नका

पुण्याहून मिरजेकडे येणारा लोहमार्ग लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड अशी स्थानके घेत कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडीमार्गे सांगलीत पोहोचतो. या मार्गालगतच्या गावांत कुणाचे शिवार रुळांपलीकडे असते, कुणाची शाळा, त्यामुळे रूळ ओलांडणे हे रोजचेच काम. मार्ग एकेरी होता, तेव्हा डिझेल इंजिनाची घरघर लांबूनच ऐकू येई आणि एक गाडी निघून गेली की वाट मोकळी झाली, असे समजायला हरकत नसे. आता विजेवरची इंजिने आली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी शेजारी दुसरा रूळही पडला आहे. सवय मात्र जुन्या गाडीचीच राहिली आहे.

विजेचे इंजिन जवळ येईपर्यंत फारसा आवाज करत नाही, आणि वारा उलटा असला किंवा कानात इअरफोन असला तर तेवढाही कळत नाही. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर अंतर कापते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर धावत असल्याने घर्षण कमी असते. म्हणून चालकाने माणूस पाहून तातडीचा ब्रेक लावला, तरी गाडी शेकडो मीटर पुढे गेल्यावरच थांबते. पहिली गाडी गेल्याबरोबर पाऊल टाकणाऱ्याला तिच्याआडून दुसऱ्या रुळावर येणारी गाडी दिसतही नाही. डबा रुळाच्या बाहेर दोन्ही अंगांना सुमारे पाऊण मीटर आलेला असतो, तेव्हा रुळाला खेटून चालणेही तितकेच धोक्याचे.

फाटक लवकर बंद केले म्हणून गेटमनशी हुज्जत घालणारे पुष्कळ भेटतात. पण जिथे फाटक सिग्नलशी जोडलेले आहे, तिथे ते पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळूच शकत नाही. ती दहा मिनिटे त्यासाठीच जातात. बंद फाटक परस्पर उघडणाऱ्यास 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 160 नुसार तीन वर्षांपर्यंत आणि ते मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गळीत हंगामात तर अधिकच काळजी हवी. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर माणसाच्या चालीने फाटक पार करतो असे धरले, तर शेवटची ट्रॉली बाहेर पडेपर्यंत वीस-बावीस सेकंद सहज जातात आणि तेवढ्यात गाडी अर्ध्या किलोमीटरहून अधिक जवळ आलेली असते. पुढचा रस्ता वाहनांनी तुंबलेला असेल, तर फाटक उघडे असूनही आत शिरू नये. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या लोखंडी कमानीला उसाच्या मोळ्या लागत असतील, तर तो भार उतरवूनच पुढे जावे. वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असतो आणि तो स्पर्श न होताही झेप घेऊ शकतो. म्हणून शेतातले लोखंडी पाइप नेतानाही ते उभे न धरता आडवेच धरावेत.

ट्रॅक्टर फाटकात बंद पडलाच, तर तो ढकलत बसू नये. उसावर बसलेली टोळीतली बायकामुले आधी खाली उतरवून रुळांपासून लांब न्यावीत. त्याच वेळी एकाने गेटमनला गाठावे, कारण त्याच्याजवळ लाल झेंडी असते आणि स्टेशन मास्तरशी बोलायला फोनही असतो. जवळपास गेटमन नसेल, तर 139 क्रमांकावर फोन करून जवळच्या स्थानकाचे आणि गावाचे नाव स्पष्ट सांगावे.