बंदर विकू न देणारा गव्हर्नर: जॉन डाऊनी

हा सॅन फ्रान्सिस्कोचा एम्बार्कडेरो. मागे फेरी बिल्डिंगचा टॉवर, समोर खाडी, आणि कुणीही यावं, इथे हवा तितका वेळ उभं राहावं. १८६० मध्ये हा अख्खा किनारा एका खाजगी कंपनीच्या घशात जाणार होता.

प्लॅन साधा होता. जुने धक्के लाकडाचे, त्यामुळे डॉक अँड व्हार्फ कंपनी म्हणाली की आम्ही खाडीला दगडी भिंत बांधून देतो, बदल्यात ५० वर्षं धक्क्यावरची वसुली आमची. म्हणजे जहाज लागलं की पैसे, माल उतरला की पैसे, आणि ते सगळं शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणार. बिल कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांत पास झालं, फक्त गव्हर्नरची सही बाकी होती.

आणि गव्हर्नर कोण, तर हा फोटोतला बत्तीस वर्षांचा जॉन डाऊनी, आयर्लंडमधून पोरवयात आलेला, लॉस एंजेलिसमध्ये औषधांचं दुकान चालवलेला माणूस. निवडून आलेला गव्हर्नर मिल्टन लेथम पाच दिवसांतच सिनेटर व्हायला निघून गेला, म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर डाऊनीकडे ही खुर्ची आली. एवढ्या नवख्या माणसाने बिलावर सही न करता सरळ व्हेटो मारला. याला हिंमत लागते! शहराने त्याची मिरवणूक काढली, आणि १८६३ मध्ये बंदर राज्याच्या कमिशनकडे आलं.

त्याच वर्षी डाऊनी गव्हर्नरची निवडणूक हरला.

मग बँक. व्याजाने पैसे तो आधीपासूनच द्यायचा, आणि कर्जात बुडालेला सांता गर्ट्रूडिस रांचो (म्हणजे मोठी जहागीर) १८५९ मध्येच लिलावात त्याच्याकडे आला होता, आधीच्या मालकाने आत्महत्या केली. १८७१ मध्ये आयझायस हेलमन या बँकरसोबत फार्मर्स अँड मर्चंट्स बँक काढली, डाऊनी पहिला प्रेसिडेंट. १८७५ च्या पॅनिकमध्ये, म्हणजे लोक घाबरून बँकांतून पैसे काढत होते तेव्हा, हेलमन युरोपात असताना याने बँकेचे दरवाजे बंद केले, ते हेलमनने परत येऊन उघडले, आणि डाऊनीचं पद गेलं.

हे यूएससीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचं कॅम्पस. तेव्हा ही मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची युनिव्हर्सिटी, पण १८७९ मध्ये तिच्यासाठी ३०८ प्लॉट दिले ते कॅथलिक डाऊनी, ज्यू हेलमन आणि प्रोटेस्टंट चाइल्ड्स या तिघांनी मिळून.

१८८३, तेहाचापीचा रेल्वे अपघात. डाऊनी वाचला, बायको मारिया गेली. १८९४ मध्ये तोही गेला. त्या रांचोचे तुकडे पाडून त्याने वसवलेलं गाव आज डाऊनी शहर म्हणून ओळखलं जातं.