लिहिता कधी?

नमस्कार, श्रोतेहो.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘हे सगळं तुम्हाला सुचतं कसं?’ आणि दुसरा, जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून, ‘यातलं खरं किती हो?’ मुलाखत असो, ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो, नाहीतर शाळेचं बक्षीस वाटप असो, हे दोन चुकत नाहीत. आमचीही उत्तरं घोटून घोटून तयार असतात. पण लिहिणारी मंडळी आपापसात बसली, की या दोन्हींचं नावसुद्धा निघत नाही. तिथं एकच विचारणा असते. ‘सध्या लिहितेस कधी?’

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी साहित्य मेळाव्याला गेले होते. मुक्काम मंगल कार्यालयात, भाड्याच्या गाद्यांवर. दुपारच्या परिसंवादात एक ज्येष्ठ कादंबरीकार म्हणाले, ‘माझी पात्रं माझ्या हातातून सुटतात. ती जातील तिकडं मी नुसता मागं मागं जातो.’ टाळ्या पडल्या. रात्री खिचडी-कढी झाल्यावर कार्यालयाच्या पायरीवर बसून तेच गृहस्थ सांगत होते, की त्यांचा नायक चौदा महिने एसटी स्टँडवर उभा आहे. त्याला गाडीत बसवायचं की घरी परत पाठवायचं, ते ठरत नाही. ‘आणि तो मेला जागचा हलत नाही!’

आम्ही पोट धरून हसलो. हसलो, कारण प्रत्येकाचा कोणी ना कोणी कुठल्या तरी स्टँडवर उभा होताच. पात्रं आपली आपण चालतात, हे मला कधीच पटलेलं नाही. माझी तर धक्का दिल्याशिवाय उंबरासुद्धा ओलांडत नाहीत. आणि धक्का द्यायला सलग दोन तास लागतात. खरी अडचण त्या दोन तासांची आहे.

श्री. ना. पेंडसे यांचं उदाहरण घ्या. ‘गारंबीचा बापू’ 1952 सालची कादंबरी. वाचताना वाटतं, हा माणूस दापोलीकडं कुठल्या तरी पोफळीच्या आगरात झोपाळ्यावर बसून लिहीत असणार. प्रत्यक्षात ते मुंबईत, बेस्टच्या नोकरीत! त्या बसगाड्यांच्या आणि विजेच्या कारभाराचा इतिहासही त्यांनी लिहिला. मला आपलं वाटतं, त्यांचं कोकण इतकं ठसठशीत उतरलं ते त्यामुळंच. जे गाव रोज डोळ्यांसमोर नाही ते फावल्या वेळात बारकाईनं आठवावं लागतं. आणि आज मी रेडिओवरून बोलते आहे, तर व्यंकटेश माडगूळकरांची आठवण काढायलाच हवी. पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. शिवाय शिकार, चित्रं, रानात भटकणं. एवढं करून लिहिलं. अण्णा भाऊ साठे तर घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहत होते, आणि ‘फकिरा’ 1959 ची आहे. कुणी ‘मला लिहायला शांत खोली लागते’ म्हणालं, की मी गप्प बसते. मलाही शांत खोली लागते, ही गोष्ट वेगळी.

ह. ना. आपट्यांची तऱ्हा आणखीच निराळी. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातच क्रमशः छापायला सुरुवात केली. म्हणजे यमूची कहाणी लोक आठवड्या-आठवड्यानं वाचत होते, आणि आपट्यांच्या मागं अंकाचा तगादा होता. शिवाय पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार होताच. सुचो न सुचो, अंक निघायला हवा. या तगाद्यानं त्यांच्या कादंबऱ्या पसरट झाल्या असं समीक्षक म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण तगादा नसता तर त्या झाल्या असत्या का? मला त्यांची सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. मराठी कादंबरीला ज्यांनी पायावर उभं केलं, त्यांच्याही खात्यावर अपुरी हस्तलिखितं आहेत. माझ्या लोखंडी कपाटातल्या खालच्या खणाकडं बघताना मला याचा केवढा आधार वाटतो म्हणून सांगू!

तरुण लेखक मात्र दुसरंच काही ऐकून आलेले असतात. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ पंचविशीत, झपाट्यानं लिहून काढली, हे. 1963 ची गोष्ट. ती खरीच आहे. पण त्याच लेखकाची पुढची ‘बिढार’ यायला 1975 उजाडलं, आणि 1979 च्या ‘झूल’नंतर ‘हिंदू’ आली ती 2010 मध्ये. मध्ये एकतीस वर्षं. एकाच माणसाचे हे दोन्ही हिशेब. पण पहिला तेवढा सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

हिशेबावरून आठवलं. पैशांबद्दल आम्ही लोक चारचौघांत बोलत नाही. पायरीवर मात्र दुसरं काही बोलत नाही. तर घ्या. कादंबरीची किंमत 300 रुपये धरा. आवृत्ती हजार प्रतींची. रॉयल्टी दहा टक्के. शेवटची प्रत खपेपर्यंत लेखकाला मिळणार 30,000 रुपये. माझ्या पहिल्या कादंबरीला सहा वर्षं लागली. म्हणजे महिन्याला सव्वाचारशेसुद्धा पडले नाहीत. आणि हे सगळ्या प्रती खपल्या तर! मी एका कचेरीत आवक-जावक सांभाळत होते. पगार तिथून यायचा, आणि पाठकोरे कागदही तिथूनच यायचे, हे आता सांगायला हरकत नाही. नळाला पाणी पावणेसहाला यायचं. मी साडेचारला उठायची. सव्वा तास माझा, मग हंडे-बादल्या, डबे, मस्टर. वाक्य अर्धं राहिलेलं असायचं ते दिवसभर डोक्यात घोळायचं. एकदा एका जावक पत्रावर मी ‘तिनं दार लोटलं’ असं टंकलं होतं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कोणी?’ समीक्षेचा इतका नेमका प्रश्न मला पुढं कुणी विचारला नाही.

आता तो दुसरा प्रश्न, खरं किती. तो टाळायला आम्ही सगळे तरबेज असतो. पण हा प्रश्न बाईला विचारतात तेव्हा त्यात वेगळीच धार असते. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी. लेखिका विभावरी शिरूरकर. गदारोळ झाला. कोण ही बाई, हिला हे ठाऊक कसं, असा शोध सुरू झाला. त्या नावामागं बाळूताई खरे होत्या, पुढच्या मालतीबाई बेडेकर. मराठीतलं इतकं उघडं लिहिणं टोपणनावाच्या पडद्याआडून आलं. आज मुलाखतीत ‘मी अगदी मोकळेपणानं सांगते’ अशी सुरुवात करणारं कुणी दिसलं, की मला तो पडदा आठवतो.

माझ्याकडं टोपणनाव नव्हतं. पहिल्या कादंबरीत माझी एक आत्या आली. नाव बदललं, गाव बदललं, नवऱ्याचा धंदासुद्धा बदलला. दीराशी तिचं जे काही न बोलता वर्षानुवर्षं चाललं होतं, ते मात्र तसंच ठेवलं, कारण कादंबरी त्यावरच उभी होती. पुस्तक तिला पाठवायचं धाडस झालं नाही. तिनं गावच्या वाचनालयातून मिळवून वाचलं. दिवाळीला भेटायला गेले. फराळ झाला, पोराबाळांची चौकशी झाली. निघताना ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. माझ्या पोटात गोळा. पुस्तकाबद्दल तिनं एकच वाक्य काढलं.

‘निळं लुगडं मी जन्मात कधी नेसले नाही गं. हिरवं होतं ते.’

मी ‘बरं’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करते, असंही सांगून आले. माझ्या स्वतःच्या प्रतीत 87 व्या पानावर ‘निळं’ खोडून वर पेन्सिलीनं ‘हिरवं’ केलेलं आहे. छापील पुस्तकात मात्र ते अजून निळंच आहे. पहिल्या आवृत्तीच्या साडेतीनशे प्रती प्रकाशकांच्या गोदामात पडून आहेत.

नमस्कार.