तुमच्या डोक्यावरचं ओझं कोणाला दाखवता?

मंडळी, आधी मार्च महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. सदाशिव पेठेत एका संस्थेच्या माडीवर आम्ही सहाजण बसलो होतो, सगळे संस्था चालवणारे. वस्तीतल्या मुलांसाठी पंधरा वर्षं काम करणाऱ्या एका ताईनं पर्समधून वही काढली. म्हणाली, "फेब्रुवारीचे पगार झालेले नाहीत. एकोणीस माणसं आहेत. अनुदानाचा दुसरा हप्ता अडकलाय. मी दागिने गहाण ठेवलेत. घरी माहीत नाही." वहीत एकोणीस नावं होती. पुढे रक्कम, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात : आईचं डायलिसिस, मुलाची फी, घरभाडं.

आम्ही काय केलं? सल्ले दिले. मी तर एका कंपनीचा सामाजिक निधी (सीएसआर) सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा नंबर शोधायला लागले. ती "हो, हो" म्हणत लिहून घेत होती. मग इतका वेळ गप्प असलेल्या एका सरांनी विचारलं, "ताई, विश्वस्तांना हे माहीत आहे?"

"नाही."

"का नाही सांगितलं?"

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सांगितलं तर म्हणतील, हिला जमत नाही." आणि रडली.

संस्थेचा प्रमुख हा असा अडकलेला असतो. विश्वस्तांना सांगावं तर विश्वास उडेल, देणगीदाराला सांगावं तर पुढचा निधी थांबेल, कार्यकर्त्यांना सांगावं तर ते दुसरीकडे अर्ज टाकतील. घरचे म्हणतात, सोडून दे. वर कामाचा पसारा : निधी कुठे खर्चला याचा दाखला म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, संस्थेतले बदल कळवणारा धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट, दर पाच वर्षांनी ८०जीचं, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या मान्यतेचं, नूतनीकरण. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनं अशा देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. प्रमुखाच्या स्वतःच्या आधारासाठी खर्च करायचं म्हटलं की हात आखडतो, त्याचं एक कारण हेही आहे. पण त्याहून मोठं कारण आपल्या मनात आहे. सेवेच्या कामात स्वतःसाठी काही मागणं आपल्याला लाज वाटण्यासारखं वाटतं. मला हे मान्य नाही.

याच पुण्यात गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं तयार करायची योजना होती. माणूस घडवायला वेळ आणि सोबत लागते, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. येरवड्यात १९८६ पासून चाललेल्या मुक्तांगणात व्यसन सोडलेला माणूस नव्याला हात देतो, कारण त्याला आतलं कळतं. आणि ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात रेग रेव्हन्स या व्यवस्थापनतज्ज्ञानं कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना छोट्या गटात बसवलं : बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा एकमेकांच्या अडचणी ऐका, एकमेकांना प्रश्न विचारा.

आमच्या गटाचं काम असंच चालतं. महिन्यातून एकदा, तीन तास, पाच-सहाजण. दर वेळी एकाची अडचण, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. "तुम्ही असं का करत नाही?" हा प्रश्न नाही, तो वेश बदललेला सल्ला आहे, तो आला की कोणीतरी थांबवतं. खोलीतलं बाहेर जात नाही. देणगीदाराला बोलवायचं नाही, कितीही जवळचा असला तरी. कोच घेतला तर त्यालाही हेच नियम. त्यानं उत्तर द्यायचं नाही, आपण टाळत असलेला प्रश्न समोर ठेवायचा. मार्गदर्शक हवा असतो तेव्हा तो वेगळा शोधावा, दोन्ही कामं एकाकडून होत नाहीत असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीचे दोन-तीन महिने अवघड जातात. सगळे आपल्या संस्थेचा अहवाल वाचतात. धीर धरा.

त्या ताईचं सांगते. एप्रिलच्या बैठकीला ती आली. विश्वस्तांना सांगितलं होतं. एक जण चिडले, एकांनी दोन महिन्यांचे पगार उसने दिले. हप्ता अजून आलेला नाही, दागिने अजून गहाणच आहेत. पण मंडळाच्या पुढच्या सभेत पगार हा पहिला विषय लागलाय. आणि तिच्या वहीत विसावं नाव आलंय, तिचं स्वतःचं. पुढे रक्कम आहे, पेन्सिलीची जागा अजून कोरी आहे.